आबांना न सांगितलेला ठिपका

फुरसुंगीत मी ज्या काकूंच्या घरात भाड्यानं राहतो, त्या सकाळी पाणी भरताना हटकून विचारतात, "काय रे, आज कुठं गेलेत तुझे लांडगे?" त्यांच्या मनात एक चित्र आहे. वर आकाशात कॅमेरा, तो लांडग्याच्या पाठोपाठ फिरतोय, आणि मी खाली चहाचा कप घेऊन लॅपटॉपवर ते बघत बसलोय. माझ्या आईचाही तसाच समज होता. तिनं एकदा विचारलं होतं, "तुमच्या उपग्रहाला आपलं घर दिसतं का रं? आबा घरात हायेत का भायेर, ते कळतं का?"

उपग्रहाला लांडगा दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. ते कुणाचं ऐकत नाहीत. ऐकतो तो लांडग्याच्या गळ्यातला पट्टा. निदान चार उपग्रहांचा आवाज कानावर आला की पट्टा स्वतःच हिशेब मांडतो, आपण अमुक अक्षांश-रेखांशावर आहोत असं ठरवतो आणि ते पोटात लिहून ठेवतो. असे थोडे ठिपके साठले की मग ते दुसऱ्याच उपग्रहांकडे पाठवतो. आमचे पट्टे इरिडियमच्या जाळ्यावर चालायचे. त्याचे ६६ उपग्रह जमिनीपासून साधारण ७८० किलोमीटरवरून फिरतात. तिथून खाली, तिथून ईमेल, तिथून माझा लॅपटॉप. म्हणजे सकाळी सहाला मला जो दिसतो तो रात्रीचा लांडगा असतो. तो आत्ता कुठं आहे हे मला कधीच माहीत नसतं.

काकूंना मी हे तीनदा समजावून सांगितलं आहे. त्या "हो का" म्हणतात आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारतात. पण आज हे सगळं लिहायला बसलो ते काकूंसाठी नाही, आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील.

आमचं घर धनगराचं, पुरंदर तालुक्यातलं. सासवड सोडून जेजुरीकडे निघालं की दोन्ही हातांना जो माळ लागतो, त्यातला एक तुकडा आमचा समजा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. लहानपणी दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या धनगरांचा जथा, मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. आता आबांचे गुडघे घाट उतरू देत नाहीत. पन्नासेक मेंढरं आणि दहा-बारा शेरडं ठेवलीत, ती घेऊन ते गावाच्या आसपासच तळ टाकत फिरतात. आज या शेतात बसवली, चार दिवसांनी त्या शेतात.

मी सात-आठ वर्षांचा असताना एका संध्याकाळी लांडग्यानं आमचं कोकरू नेलं. दिवस मावळला होता, आई चुलीशी होती, आबा वाघर ताणत होते. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. कुत्री एकदम दुसऱ्या बाजूला धावली, आणि ज्या बाजूला कुणी नव्हतं तिकडून ते जनावर आलं, उचललं आणि गेलं. आवाज नाही, काही नाही. सकाळी मी आणि आबा माग काढत गेलो तर बाभळीखाली गवतात कोकराच्या गळ्यातली घुंगरी पडली होती. आबांनी ती उचलली, धोतराला पुसली आणि खिशात टाकली. शिवी दिली नाही. "दोघं मिळून आल्ती," एवढंच म्हणाले. एकानं कुत्री ओढून नेली, दुसऱ्यानं कोकरू. हे त्यांनी नुसत्या पावलांवरून सांगितलं होतं.

पुढे शिकलो, पुण्यात आलो, आणि फिरून त्याच माळावर, त्याच जनावराच्या मागे कामाला लागलो. एका अभ्यासगटात क्षेत्र सहायक म्हणून. ही गोष्ट त्यातल्या एका मादीची आहे. ती आता जुनी झाली आहे, पट्टा केव्हाच उतरलाय, म्हणून लिहिता येते.

पट्टा जनावराच्या गळ्यात घालण्याआधी तो पुण्यात फिरवायचं काम माझ्याकडे होतं. पट्टा किती चुकतो, कुठं चुकतो, हे आपल्याला आधी माहीत असावं लागतं. पहिल्या दिवशी तो वेताळ टेकडीवर नेला. एका ठरलेल्या दगडावर ठेवला आणि शेजारी बसून राहिलो. उघडं आभाळ होतं, सगळे ठिपके त्या दगडाभोवती पाच-सात पावलांत पडले. दुसऱ्या दिवशी पाठपिशवीला बांधून मंडईतून बुधवारात, तिथून कसब्यात, बोळाबोळांतून चालत गेलो. संध्याकाळी नकाशा उघडला तर एक ठिपका थेट मुठेच्या पात्रात, आणि एक मी कधी चढलोच नव्हतो अशा इमारतीवर. उंच भिंतींवर आपटून येणारी लहर पट्ट्याला लांबून आल्यासारखी वाटते आणि हिशेब चुकतो. तिसऱ्या दिवशी मांजरीला एका मित्राच्या उसात पट्टा गुडघ्याच्या उंचीवर टांगून ठेवला. उसाच्या पाल्यात पाणी असतं, ते लहर पिऊन टाकतं. तिथं बऱ्याच वेळा ठिपका मिळालाच नाही.

त्या तीन दिवसांनी मला जे शिकवलं ते नंतर फार उपयोगी पडलं. नकाशावर ठिपका दिसला म्हणून तो खरा मानायचा नाही, आणि ठिपका नाही म्हणून जनावर तिथं नव्हतं असंही धरायचं नाही.

मादी सापडली ती थंडी संपता संपता, पहाटे साडेचारच्या सुमाराला. लांडगा अनुसूची एकमधला, म्हणजे कायद्यानं सगळ्यात जास्त संरक्षण दिलेला प्राणी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानग्या मिळाल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि त्या मिळायला वेळ लागतो. लागावाच. सापळा जबड्याला रबर लावलेला, पाय मोडू नये असा. पशुवैद्य डॉक्टरांनी औषध दिलं, ती हळूहळू मान टाकून पडली, आणि मग आमच्याकडे मोजकाच वेळ होता.

डोळ्यांवर फडकं बांधलं. डॉक्टर दर पाच मिनिटांनी ताप मोजत होते आणि मी वहीत लिहीत होतो. वजन साडेअठरा किलो. पट्टा ५२० ग्रॅम. जनावराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत पट्टा असावा असा हात राखून ठेवलेला हिशेब आम्ही पाळायचो. पुष्कळ ठिकाणी पाच टक्क्यांपर्यंतही चालवतात. पट्टा जाड, खरखरीत, कारखान्यातल्या यंत्राच्या पट्ट्यासारखा. खाली गळ्याशी बॅटरीचा ठोकळा, वर मानेवर अँटेना. ठोकळ्याच्या वजनानं पट्टा खाली ओढला जातो, म्हणून अँटेना कायम आभाळाकडे राहते. डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं घाल." मी पट्टा आणि मान यांच्यामध्ये माझी दोन बोटं घातली. आत केस इतके दाट आणि ऊबदार होते की कातडी लागायला वेळ लागला. बोटांखाली तिची नाडी उडत होती. जिनं माझ्या लहानपणी कोकरू नेलं ती ही नव्हे, हे मला समजत होतं. तरी माझा हात थोडा वेळ तिथंच राहिला.

पट्ट्याला एक छोटं लोहचुंबक चिकटवलेलं असतं. ते लागलेलं आहे तोवर पट्टा झोपलेला असतो, काढलं की जागा होतो. ते काढून मी शर्टाच्या खिशात टाकलं. आजही ते माझ्या कपाटाच्या दारावर लाइट बिल धरून आहे. उतारा दिल्यावर काही मिनिटांत ती उठली, दोनदा धडपडली, अंग झाडलं. मागच्या पायानं पट्टा खाजवला. मग उजाडायच्या आत उतारावरून निघून गेली आणि वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून ती माझ्या डोक्यावर एक देणं आहे असं मी मानतो. अर्धा किलो आपण तिच्या गळ्यात बांधलं. तिनं मागितलं नव्हतं. पट्ट्यानं काय होऊ शकतं, ते २०२३ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या कुनोत चित्त्यांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. पट्ट्याखाली ओल राहून मानेवर जखमा झाल्या, त्यात किडे पडले, आणि पट्टे उतरवून उपचार करावे लागले. म्हणून मला वाटतं, ज्यानं पट्टा बांधला त्यानं पट्ट्यातून आलेला एकही ठिपका वाया घालवू नये. ठिपका आला की तिथं चालत जायचं. खुर्चीत बसून नकाशावर रंग भरण्यासाठी जनावराला ओझं देऊ नये.

आमचं कामही तसंच चालायचं. दर दोन तासांनी एक ठिपका, दिवसाला बारा. याहून जास्त मागितले तर बॅटरी लवकर संपते. बारापैकी तीन-चार ठिपके एकाच जागी गोळा झाले की समजायचं, इथं ती थांबली. का थांबली? शिकार केली, की सावलीला बसली, की आणखी काही? ती तिथून हलल्यावर, बऱ्याच वेळानं, आपण जायचं. पहाटे दिवे घाट चढून सासवड मागं टाकायचं आणि हातातल्या जीपीएसवर ती जागा शोधत माळ तुडवायचा. कधी सशाचे केस मिळायचे. कधी शेरडाचं खूर. कधी नुसतं दाबलं गेलेलं कुसळीचं गवत आणि बोरीची सावली. तेही लिहायचं.

ज्या जागेनं मला सगळ्यात जास्त त्रास दिला ती शिकारीची नव्हती. आठवड्यातून तीन-तीनदा तिचे ठिपके एका ओढ्याकाठी जमायचे. गेलो तर पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांचा ढीग. आपल्या भागात शेडला शेड लागून आहेत, आणि मेलेला माल खड्ड्यात न पुरता ओढ्यात टाकला जातो. वास असा की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि त्या ढिगाभोवती लांडग्यांच्या पावलांत कुत्र्यांची पावलं मिसळलेली, एकाच चिखलात. मोकाट कुत्री आणि लांडगे एकाच ताटात जेवतात म्हटल्यावर कुत्र्यांचे रोग लांडग्यांत जाणार, आणि नुसते रोगच नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या लांडगा आणि कुत्र्याच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा मला त्या चिखलाची आठवण झाली. गावात जाऊन कुत्र्यांना लस टोचून घ्या म्हणून सांगायला मी तिथूनच सुरुवात केली. आबांच्या तिन्ही कुत्र्यांपासून.

दुसरी एक जागा. चार महिने ती रोज रात्री एका माळावरून सरळ रेषेत जायची. आणि एका मंगळवारपासून तिची वाट तिथं वाकली. ती वळसा घालून जाऊ लागली. गेलो तर माळाला तारेचं कंपाउंड, लोखंडी फाटक, आणि पाटी: प्लॉट विकणे आहे. त्या फाटकाच्या आतल्या बाजूला तिची जुनी लेंडी वाळून पांढरी झालेली होती. केसांनी भरलेली, खडूसारखी. कागदावर असल्या जमिनीला पडीक म्हणतात. झाडं नाहीत म्हणजे काहीच नाही असं धरून कुणी तिथं प्लॉट पाडतं, कुणी झाडं लावायची म्हणून चर खोदतं. गवताचा माळ हे स्वतःच एक घर आहे, चिंकाऱ्याचं, लांडग्याचं, माळढोकाचंही होतं, आणि आमच्या मेंढरांचंही. हे धनगराला सांगावं लागत नाही. दुसऱ्यांना पटवायला मात्र ठिपके लागतात. तिच्या वाकलेल्या वाटेचा नकाशा मी दोन बैठकांत दाखवला आहे आणि आणखी दाखवणार आहे.

आबांना माझं काम आधी पटलं नव्हतं. "जनावराच्या गळ्यात लोढणं घालून काय शिकणार तुम्ही?" असं ते म्हणायचे. मी त्यांना आजोबा बिबट्याची गोष्ट सांगितली. २००९ साली नगरकडे टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. डॉ. विद्या अत्रेय यांच्या गटानं त्याला जीपीएस पट्टा घातला, माळशेजला सोडलं, आणि तो महिनाभराच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. रस्ते ओलांडले, रेल्वे ओलांडली, आणि वाटेत कुणाला कळलंही नाही. आबा ऐकत होते. मग टिपेश्वरच्या वाघाची सांगितली; २०१९ च्या पावसाळ्याच्या सुमाराला यवतमाळातून निघाला आणि तेलंगणात शिरून, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. सगळी चाल मोजली तर तीन हजार किलोमीटरच्या वर. आबा म्हणाले, "चाललाच आसंल. एकटं जनावर बसतंय व्हय? त्याला बायको पायजे." संशोधकांचाही अंदाज तोच होता, नवा मुलूख आणि जोडीदार.

मग त्यांनी विचारलं, "आणि त्या बिबट्याचं पुढं काय झालं?" २०११ च्या डिसेंबरात तो मुंबईजवळ हायवेवर गाडीखाली गेला. अंगात बसवलेल्या चिपवरून ओळख पटली. आणि २०१७ मध्ये वर्ध्याच्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली ब्रह्मपुरीची वाघीण, गळ्यात पट्टा असतानाच, पाचशेएक किलोमीटर चालून शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेली. हे मी सांगितलं तेव्हा आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी पट्टा वाचवत न्हाई." नाही वाचवत. कुठं मेली, कशानं मेली, तेवढं सांगतो.

त्यानंतर ते फोनवर रोज विचारू लागले. "आज कुठं हाय ती?" आणि मला सांगता येत नव्हतं.

नियम साधा होता: चालू ठिपके गटाबाहेर कुणालाही सांगायचे नाहीत. हा नियम का, हे कळायला लांब जायला नको. २०१३ च्या जुलैत पन्ना-२११ नावाच्या वाघाच्या पट्ट्याची माहिती ज्या ईमेलवर येत होती, ती उघडण्याचा कुणीतरी प्रयत्न केला. तो प्रयत्न कुठून झाला? आपल्या पुण्यातून. माहिती सांकेतिक भाषेत बंद केलेली होती, म्हणून हाती काही लागलं नाही. पण आमच्या गटात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली जाते. वाघाच्या कातड्याला बाजार आहे. लांडग्याला तेवढा नसेल, पण लांडग्यावर राग आहे, आणि रागाला गिऱ्हाईक लागत नाही.

आबांवर माझा अविश्वास होता असं नाही. पण आबांना सांगितलं की ते तळावर शेजारच्याला सांगणार, तो चहाच्या टपरीवर बोलणार, आणि संध्याकाळपर्यंत कुणाचातरी टेम्पो माळावर. म्हणून रोज मी म्हणायचो, "लांब आहे, आबा." ती कधी लांब असायची, कधी नसायची. वडिलांशी अर्धं खरं बोलायचं आणि मग दिवसभर ते घेऊन फिरायचं, हे या कामातलं मला सगळ्यात जड गेलेलं ओझं.

नोव्हेंबरात एका सकाळी चहा ठेवला, लॅपटॉप उघडला आणि बघतच राहिलो. रात्री दोनचा ठिपका आबांच्या तळापासून दोनशे ऐंशी मीटरवर होता. बाराचा साडेचारशेवर. चारचा तीनशेवर. म्हणजे रात्रभर ती तळाभोवती घिरट्या घालत होती. चहा उतू गेला. पण हे सगळं होऊन गेलेलं होतं. आता जे करायचं ते येणाऱ्या रात्रीसाठी.

फोन लावला. "आबा, मेंढरं बरी आहेत ना सगळी?"

"हायेत की. का?"

"वाघर नीट ताणून बांधा आज. खालच्या कडेला दगड ठेवा. कोकरं मधे घ्या. आणि कुत्री एकाच बाजूला बांधू नका."

पलीकडून काही आवाज आला नाही. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मग ते म्हणाले, "बरं. जेवलास का?"

फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. त्या उतारावर आमचा एकच तळ नव्हता, आणखी तीन होते. माझा बाप तेवढा सावध आणि बाकीचे बेसावध, हे बरोबर नव्हतं. आमच्या ताईंना, म्हणजे गटप्रमुखांना, मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जागा सांगितली नाहीस ना? मग बाकीच्या तिघांनाही फोन कर, तेवढंच सांग." तेव्हापासून आम्ही ते ठरवूनच केलं. कुठलाही वाडा तिच्या फिरण्याच्या टापूत उतरला की लगेच फोन, ती त्या रात्री जवळ असो वा नसो. कुणाला तिचा माग लागत नाही आणि जाळी मात्र रोज घट्ट राहते. मेंढरू गेल्यावर पंचनामा आणि भरपाई हा मार्ग आहे, पण ज्याचा कळप उद्या पुढच्या गावाला निघणार त्यानं पंचनाम्याला थांबायचं कसं? आधी जाळी घट्ट झालेली बरी.

डिसेंबरच्या सुरुवातीला ठिपके कमी होऊ लागले. बाराचे नऊ झाले, नऊचे पाच. एक दिवस फक्त दोन आले. माझ्या पोटात गोळा आला. विषबाधा? विहीर? जनावर बरेच तास अजिबात हललं नाही की पट्टा तसा निरोप पाठवतो, तो आलेला नव्हता. संध्याकाळी समोरच्या डोंगरावर जाऊन हातातली अँटेना फिरवली. पट्ट्यात रेडिओचा जुना साधा आवाजही असतो, टक् टक् टक् असा. जनावर मेलं असेल तर तो दुप्पट वेगानं येतो. आवाज सावकाश येत होता. ती जिवंत होती. मग आभाळ का दिसत नव्हतं तिला?

तेव्हा उसातला तो दिवस आठवला. ठिपका नाही म्हणजे जनावर नाही असं नव्हे. ती जमिनीखाली होती. जे दोन-तीन ठिपके येत होते ते सगळे एका ओढ्याच्या वरच्या काठाला, पन्नास पावलांच्या घेरात. आपल्याकडे लांडगी थंडीतच विते. ताईंनी सांगितलं, त्या ओढ्याच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत कुणी जायचं नाही; माणसाचा वास आला तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे हलवते आणि त्यात एखादं मागं राहतं. ही एकच जागा अशी, जिथं ठिपक्यापर्यंत चालत जायचं नव्हतं. लांबच्या डोंगरावरून दुर्बीण लावून बसायचं, तेवढंच.

चंपाषष्ठीला घरी गेलो. तळावरच आईनं वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले होते. तळी उचलली, "यळकोट यळकोट" झालं, आणि आबांनी रीतीप्रमाणे तिन्ही कुत्र्यांपुढे नैवेद्य ठेवला. कुत्री खाईस्तोवर ते हात जोडून उभे होते. जेवणं झाल्यावर घोंगडीवर बसून त्यांनी बिडी शिलगावली आणि म्हणाले, "उद्या तळ हलवतो. खालच्या आंगाला."

मी म्हटलं, "इथं तर अजून चारा आहे."

"हाय. पर महिनाभर वरच्या वढ्याला मेंढरं न्यायची न्हाईत."

"का?"

बिडीची राख झटकून ते म्हणाले, "व्यालीय ती."

माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये तो ओढा होता, पन्नास पावलांच्या घेरासकट. मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगल? रोज दुपारच्याला एकटीच पान्यावर येती. नर लांब हुबा ऱ्हातो. पोटाखालचं क्यास गेल्यात, दूध उतरलंय. पानी पिती आन् लगीच माघारी. पंधरा दीस झालं."

पंधरा दिवस. ठिपके कमी व्हायला लागून तेवढेच झाले होते.

"आणखी कुणाला माहितीय?"

"कुनाला सांगू?" आबा म्हणाले. "पोरं बिळात धूर करत्याल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी कुनाला सांगू नगंस. तुमच्या त्या हापिसात बी न्हाई."

"नाही सांगत," मी म्हटलं.

रात्री उशिरा, सगळी झोपल्यावर, बॅटरीच्या उजेडात वही काढली. आमच्या वहीत शेवटचा रकाना 'प्रत्यक्ष पाहणी' असा असतो, ठिपक्यातून जे कळत नाही त्यासाठी. त्यात लिहिलं: दुपारी पाण्यावर एकटी येते, नर अंतर राखून, पोटाखालचे केस गेलेले, दूध उतरलेलं, अंदाजे पंधरा दिवस. माहिती देणाऱ्याचं नाव आम्ही लिहीत नाही. लिहिलं, मेंढपाळ, पुरुष, वय ६७.

सकाळी उठलो तेव्हा आबांनी वाघर सोडून घोड्यावर लादलीसुद्धा होती.